मुल्डर नावाची माणसे

प्रस्तावना

२००७ साली नेदरलंड्समध्ये आडनावांची मोजदाद झाली, तेव्हा मुल्डर आडनावाची सुमारे ३६ हजार माणसे निघाली. यादीत त्यांच्या वर बाकर, व्हिसर आणि स्मिट ही मंडळी होती. म्हणजे पाववाले, कोळी आणि लोहार. मुल्डर म्हणजे पवनचक्कीवर किंवा पाणचक्कीवर लोकांचे धान्य दळून देणारा. या चौघांना शेजारी शेजारी उभे केले की जुन्या डच गावाचा निम्मा व्यवहार डोळ्यांपुढे येतो. मात्र आजच्या मुल्डरांना पिठाबद्दल विचारायला जाऊ नये. त्यांच्यात दंतवैद्य आहेत, शिक्षक आहेत, विमा कंपन्यांत काम करणारे आहेत, आणि बहुतेकांची पिठाशी गाठ पडते ती दुकानातल्या कागदी पुड्यापुरतीच.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. कुलकर्ण्यांच्या घरात आता गावचे दप्तर नाही, पोतदार नाणी पारखत नाहीत, आणि हवालदार आडनावाच्या गृहस्थांनी जन्मभर बँकेत खातेवह्या तपासलेल्या असतात. धंदा गेला आणि नाव राहिले, एवढेच सांगायचे असते तर पुस्तक लिहिण्याची गरज नव्हती. मला पडलेला प्रश्न जरा वेगळा आहे. त्या देशात शेकडो वर्षे हजारो माणसे चक्कीवर राबली. मग हे नाव त्यांतल्या काहींनाच का चिकटले आणि बाकीच्यांना का नाही? ज्यांना चिकटले त्यांनी पुढे काय केले, हा पुस्तकाचा दुसरा आणि जास्त रंगतदार भाग.

धंद्यावरून पडलेले आडनाव माणूस सहसा स्वतः निवडत नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून पडते. गावात चार यान असतील तर चक्कीवरचा यान कोणता हे सांगण्यासाठी लोक त्याला ‘यान मुल्डर’ म्हणणार. पण त्यासाठी गावात चक्की एकच हवी. ग्रोनिंगन, ड्रेंथ, ओव्हरआयसल या ईशान्येकडच्या प्रांतांत मुल्डर दाटीने सापडतात, याचे कारण मला तिथल्या विखुरलेल्या वस्तीत आणि गावागणिक एखाददुसऱ्या चक्कीत दिसते. शिवाय जुन्या काळी अनेक ठिकाणी सक्तीच्या चक्क्या होत्या. जमीनदाराने नेमून दिलेल्या चक्कीवरच त्या टापूतल्या लोकांनी धान्य दळायचे, दुसरीकडे नेले तर दंड. वाऱ्यावरसुद्धा जमीनदाराचा हक्क असे. चक्की उभारणाऱ्याने वारा वापरल्याबद्दल त्याला दरसाल रक्कम मोजायची. हे हक्क अठराव्या शतकाच्या अखेरीला, जुनी राजवट कोसळल्यावर रद्द झाले. तोवर चक्कीवाला हा गावातला असा माणूस होता की त्याला टाळून कोणाच्याही घरात पाव भाजला जात नसे. असा माणूस नावानिशी लक्षात राहणारच.

प्रांत बदलला की नावही रूप बदलते. पश्चिमेकडे मोलेनार. दक्षिणेत ब्राबांटकडे स्मुल्डर्स, म्हणजे चक्कीवाल्याचा मुलगा किंवा त्याच्या घरचा. व्हर्म्युलेन आणि व्हॅन देर म्युलेन ही याच कुळातली वाटली तरी ती दळणाऱ्याची नावे नव्हेत. चक्कीजवळ राहणाऱ्याची आहेत. पुस्तकात मी त्यांना बाहेर ठेवले आहे, नाहीतर पुस्तक दुप्पट झाले असते.

आता ॲमस्टरडॅमच्या उत्तरेकडच्या झान नदीकाठचा प्रदेश पाहा. उइतखेस्टच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याने १५९३ साली वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीच्या चक्कीचे पेटंट मिळवले. पात्यांच्या गोल फिरण्याचे करवतीच्या वरखाली होण्यात रूपांतर करणारा दांडा ही त्याची करामत. त्यामुळे लाकडाच्या फळ्या हाताने कापण्यापेक्षा कितीतरी वेगाने निघू लागल्या आणि डच जहाजबांधणीला ऊत आला. पुढे झानकाठी सहाशेहून अधिक चक्क्या उभ्या राहिल्या. त्या लाकूड कापत, तेल गाळत, कागद बनवत, रंग कुटत, मोहरी भरडत. अशा ठिकाणी एखाद्याला ‘चक्कीवाला’ म्हणून हाक मारली तर अर्धा गाव वळून बघेल. तिथे नाव असे ते चक्कीला: मांजर, शोधक, शाळामास्तर. यांतली ‘शाळामास्तर’ वेस्टझानला अजून उभी आहे आणि वाऱ्याच्या बळावर कागद बनवते. जगात तशी दुसरी उरलेली नाही.

चक्कीवाल्याच्या पोटी जन्मूनही हे नाव न मिळालेला सर्वांत प्रसिद्ध माणूस लायडनचा. १६०६ साली हार्मेन गेरिट्सझून याच्या घरी मुलगा झाला. हार्मेन बिअरसाठी लागणारे मोड आणलेले, वाळवलेले सातू दळून देई. त्याची चक्की ऱ्हाइन नदीच्या जुन्या पात्राजवळ होती आणि तिचे नावही ‘ऱ्हाइन’. शहरात चक्कीवाले पुष्कळ, तेव्हा घराण्याला धंद्याचे नाव न लागता चक्कीचे लागले: व्हॅन राइन. मुलगा म्हणजे रेम्ब्रांट. त्याने पुढे चित्रांवर सही करताना आडनावाला रजाच दिली. घराणे ड्रेंथच्या एखाद्या खेड्यातले असते तर आज आपण रेम्ब्रांट मुल्डरची चित्रे पाहायला रांगा लावल्या असत्या. हा माझा तर्क आहे, पण मला तो आवडतो.

१८ ऑगस्ट १८११ रोजी नेपोलियनने हुकूम काढला, की ज्यांना कायमचे आडनाव नाही त्यांनी ते घेऊन नोंदवावे. या हुकमाबद्दल एक लोककथा नेदरलंड्समध्ये फार प्रिय आहे: फ्रेंच लवकरच जातील या भरवशावर लोकांनी थट्टेने विचित्र आडनावे नोंदवली आणि ती त्यांच्या वंशजांच्या गळ्यात पडली. कथा झकास आहे, पण विचित्र म्हणून दाखवली जाणारी बरीच नावे १८११ च्या कितीतरी आधीची आहेत. पश्चिमेकडच्या प्रांतांत बहुतेकांना आडनावे होतीच. हुकमाचा खरा परिणाम झाला तो उत्तरेत आणि ईशान्येत, जिथे लोक बापाच्या नावावर भागवत होते. त्या नोंदवह्यांत मुल्डर हे नाव लिहून देणाऱ्यांपैकी कोणी खरोखर चक्कीवर होता, कोणाचा आजा होता, आणि कोणाला गाव आधीपासूनच त्या नावाने ओळखत होते. कारकुनाने लिहिले आणि नाव गोठले. त्याआधी मुलाने धंदा बदलला की नावही बदलू शकत होते. त्यानंतर चक्कीवाल्याचा पणतू धर्मोपदेशक झाला तरी मुल्डरच राहिला.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यायला हवा. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, तांबट, शिंपी, तेली ही सगळी आडनावे आहेत. मग दळणाऱ्याचे कुठे आहे? दळव्यांकडे बोट दाखवू नये. त्यांचे दळ म्हणजे सैन्य. आपल्याकडे दळणारे हात बायकांचे होते. पहाटे उठून जात्यावर बसायचे, खुंटा धरून घास घालत राहायचा आणि ओव्या म्हणायच्या, हे घरोघरी चाले. जे काम प्रत्येक घरात होते त्यावरून कोणी ओळखला जात नाही. आणि जे काम बायका करतात त्याचे नाव वंशाला लागत नाही, कारण नाव चालते ते बापाकडून. औरंगाबादच्या पाणचक्कीसारखी उदाहरणे आहेत, १७४४ सालची. पण ती दर्ग्याच्या अन्नछत्राची सोय होती, गावोगावचा धंदा नव्हे. पुढे विजेच्या गिरण्या आल्या तोवर आडनावे पक्की होऊन गेली होती. म्हणून दळणाने मराठीला आडनाव दिले नाही, ओव्या दिल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कोणती ओवी कोणत्या बाईने सांगितली हे त्यांनी टिपून ठेवले, ही मला त्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. डच चक्कीवाल्यांचे असे काही उरलेले नाही. त्यांच्याकडे नाव आहे, गाणे नाही.

चक्की प्रत्यक्षात चालते कशी हे ठाऊक नसेल तर पुढची प्रकरणे कोरडी वाटतील, म्हणून थोडे आत जाऊ या. धान्य दळणारी डच पवनचक्की म्हणजे तीन-चार मजली लाकडी किंवा विटांची इमारत. पाती चार, आणि प्रत्येक पाते म्हणजे लाकडी जाळी. वारा बेताचा असेल तर चक्कीवाला जाळीवर शिडाचे कापड पूर्ण ताणतो. वारा वाढला की चक्की थांबवून एकेका पात्याचे कापड थोडे गुंडाळतो, आणि फार वाढला तर नुसत्या जाळीवर चालवतो. त्याआधी पाती वाऱ्यासमोर आणायची असतात. त्यासाठी इमारतीचा माथा मागच्या बाजूच्या चाकाला दोर गुंडाळत हाताने वळवतात. वारा फिरला की पुन्हा वळवायचा. वेग मोजायची त्यांची पद्धत अशी की मिनिटाला किती पात्यांची टोके डोळ्यांसमोरून खाली गेली ते मोजायचे. साठ टोके म्हणजे पंधरा फेरे.

आत धान्य एका मोठ्या चाड्यातून खाली हलत्या लाकडी नळीत येते. फिरणारा दांडा त्या नळीला टकटक धक्के देत राहतो, आणि प्रत्येक धक्क्याला मूठभर दाणे वरच्या तळीच्या डोळ्यात पडतात. वारा वाढला की दांडा जोरात फिरतो, धक्के वाढतात आणि दाणेही वाढतात. जात्यात घास घालणारी बाई जे हाताने करते तेच हे. खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि दोन्हींमधली फट कागदाच्या जाडीइतकी. पीठ बाहेर आले की चक्कीवाला चिमूट अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहतो. गरम लागले किंवा जाडसर वाटले तर तळी किंचित उचलायची वा टेकवायची. दाणे संपले आणि लक्ष नसले, की दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. वादळात करकचून आवळलेला लाकडी ब्रेक पात्यांना आवरेनासा झाला तर घर्षणाने तोच पेट घेतो, आणि वर तर सगळे वाळके लाकूड. अशा कित्येक चक्क्या जळून गेल्या. पुष्कळ दळून झाले की तळ्यांच्या खाचा बुजतात. मग वरचा दगड उचलून, उलटा करून, दोन्ही दगडांना छिन्नीसारख्या हातोड्याने तासन्‌तास टाकी लावत बसायचे. चाकांच्या दात्यांना मधमाशीचे मेण आणि मुख्य आसाला डुकराची चरबी. हे सारे करणाऱ्या माणसाला आभाळ वाचता यावे लागते, आणि झोप सावध असावी लागते.

इतके करून चक्कीवाल्याची ख्याती काय, तर चोर! दळणावळ म्हणून तो गिऱ्हाइकाच्या धान्यातले माप काढून घेई. ते माप किती खोल बुडवले यावर सगळ्या गावाचा डोळा. त्यात सरकारने दळण्यावर कर बसवला आणि चक्कीवाला दोन्हीकडून कात्रीत सापडला: गिऱ्हाइकांना तो सरकारचा माणूस वाटे आणि सरकारला तो कर चुकवणाऱ्यांचा साथीदार. १७४८ साली कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांविरुद्ध दंगे उसळले, त्यांची घरे फोडली गेली. दळणावरचा राष्ट्रीय कर रद्द व्हायला १८५५ साल उजाडले. गिरणीत ज्याचा डबा आधी त्याचे दळण आधी हा आपला न्याय डच भाषेत म्हण होऊन बसला आहे, आणि बाजारातल्या कोणत्याही रांगेत तो ऐकवला जातो.

वाफ आली, लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या, वीज आली. एकोणिसाव्या शतकात देशात दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या. आज सुमारे बाराशे उरल्या आहेत. त्याही उरल्या त्या १९२३ साली स्थापन झालेल्या ‘हॉलंडची चक्की’ या संस्थेमुळे आणि तिच्यासारख्या हट्टी माणसांमुळे. पण चक्की वाचवली तरी ती चालवणार कोण? न फिरणारी चक्की लवकर कुजते. म्हणून १९७२ साली हौशी चक्कीवाल्यांचा संघ उभा राहिला. इथे शिकायला येणारा माणूस आठवडाभर दुसरे काही करतो आणि शनिवारी चक्कीवर येतो. वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वाऱ्यांत किमान दीडशे तास काम केल्यावर परीक्षा. २०१७ साली युनेस्कोने चक्कीवाल्याचे हे कसब मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या सुमारास या कामावर पोट भरणारे देशात चाळीसेकच होते, बाकी सगळे हौशी. त्यांच्यात दे यॉंग, यान्सन, दे व्हरीस सगळे आहेत. मुल्डर असलाच तर योगायोगाने.

हे लोक नुसते पर्यटकांसाठी पाती फिरवत नाहीत. थांबलेल्या पात्यांना अजून अर्थ आहे. वरचे पाते सरळ उभे होण्याच्या थोडे आधी थांबवले तर आनंदाची खूण, थोडे पुढे जाऊ देऊन थांबवले तर दुःखाची. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियन विमान पाडले गेले, मृतांत दोनशेच्या जवळपास डच नागरिक होते. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवशी देशभरातल्या चक्क्या दुःखाच्या स्थितीत उभ्या होत्या.

आता नावाची माणसे. सर्वांत जास्त पाने मी उट्रेख्टच्या खेरार्डुस योहानेस मुल्डर याला दिली आहेत (१८०२–१८८०). वैद्यकी शिकलेला हा माणूस रसायनशास्त्रात शिरला आणि रेशीम, अंड्याचा पांढरा बलक, रक्तातले तंतू, गव्हाच्या पिठातून काढलेला पदार्थ अशा वस्तूंचे पृथक्करण करत बसला. आकडे जवळजवळ सारखे येत होते: कार्बन ४००, हायड्रोजन ६२०, नायट्रोजन १००, ऑक्सिजन १२०, आणि गंधक-फॉस्फरस किंचित. या सगळ्यांच्या मुळाशी एकच द्रव्य आहे असे त्याला वाटले. स्वीडनच्या बर्झेलियसने १० जुलै १८३८ च्या पत्रात त्या द्रव्याला नाव सुचवले, आणि मुल्डरने ते छापून जगात रूढ केले: प्रोटीन. मूळ कल्पना चुकीची निघाली. जर्मनीच्या लीबिगने आधी ती उचलून धरली आणि मग तिच्यावरून मुल्डरशी असे कडाक्याचे भांडण केले की दोघांची पत्रकबाजी वाचताना आजही मजा वाटते. सिद्धांत बुडाला, शब्द मात्र तरला. आज तो व्यायामशाळेतल्या प्रत्येक डब्यावर आहे. चहातले द्रव्य आणि कॉफीतले कॅफीन एकच, हेही मुल्डरने १८३८ मध्येच दाखवले. त्याच सुमारास योब्स्ट नावाच्या जर्मनाने ते स्वतंत्रपणे दाखवले होते. पीठ दळणाऱ्यांच्या नावाचा माणूस पिठाच्या पोटात काय आहे ते शोधत होता, हा योगायोग आहे. त्यातून नियतीबियती काढू नये.

मिखेल आणि रोनाल्ड हे जुळे भाऊ झ्वोलेचे. १० फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या ५०० मीटर शर्यतीत मिखेलला सुवर्ण मिळाले, रोनाल्डला कांस्य. मधे यान स्मेकेन्स, आणि त्याच्यात नि मिखेलमध्ये अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे. तिन्ही पदके एका देशाची. दोघे भाऊ चाकांच्या बुटांवरून बर्फावर आले, त्यामुळे बर्फावर जन्मलेल्या खेळाडूंच्या त्या देशात त्यांची गोष्ट वेगळी ठरते. फुटबॉलपटू यान मुल्डर (जन्म १९४५) याने आधी मैदान गाजवले आणि मग वृत्तपत्रांत लेखणी. त्याचे प्रकरण छोटे आहे, कारण त्याच्या गमती डच वाक्यातून बाहेर काढल्या की मरतात.

कॉनी मुल्डरबद्दल मी जास्त विचार केला. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशजांपैकी हा एक. वर्णभेदी राजवटीचा माहितीमंत्री. त्याच्या खात्याने सरकारी पैसा गुपचूप वापरून परदेशांतल्या वृत्तपत्रांत शिरकाव करायचा प्रयत्न केला आणि १९७६ मध्ये देशातच ‘द सिटिझन’ हे इंग्रजी दैनिक काढले, वाचकांना मालक कोण ते न सांगता. १९७८ मध्ये हे बाहेर फुटले. पंतप्रधान व्हावा अशी ज्याची चर्चा होती तो मुल्डर सत्तेतून फेकला गेला, आणि माजी पंतप्रधान फोर्स्टर यांनाही राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले. आडनावावरच्या पुस्तकात असा माणूस कशाला, असे एका मित्राने विचारले. नाव घराण्याचे असते, गुणांचे नसते. चांगले तेवढे वेचून ठेवले तर ती वंशावळ नव्हे, जाहिरात होईल. म्हणून ते प्रकरण पूर्ण आहे, त्याच्या खात्याच्या कारभाराच्या तपशिलांसकट.

आणि ज्यांनी नव्वदीच्या दशकात रात्री उशिरा टीव्हीवर ‘एक्स-फाइल्स’ पाहिली त्यांच्यासाठी: होय, परग्रहवासीयांच्या मागे लागलेला तो एफबीआयचा फॉक्स यात आहे. मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टर याच्या आईचे माहेरचे आडनाव हेच. तिथूनच ते पात्राला मिळाले. बापाकडून चालणारे नाव आईकडून जगभर पोचल्याचे हे पुस्तकातले एकमेव उदाहरण आहे.

उच्चाराबद्दल दोन शब्द. डच ‘उ’ आपल्या उ आणि इ यांच्या मधला, ओठ गोल करून काढलेला. देवनागरीत तो बसत नाही, म्हणून डच माणसांसाठी आणि कॉनीसाठी मी ‘मुल्डर’ लिहिले आहे. फॉक्सच्या प्रकरणात मात्र अमेरिकन उच्चाराला धरून ‘मल्डर’ असेच छापले आहे. तो मुद्रणदोष समजू नये.